ट्रकभर बर्फ घेऊन डोंगराकडे

ॲडम्सटाउनमधून निघालो, तेव्हा हातात दुसऱ्याच्या ट्रकचं स्टिअरिंग होतं आणि शर्टाच्या आत, छातीशी, इन्सुलिनचं पाकीट.

२०२१चा जानेवारी. माझा सहकारी निखिल आणि त्याची बायको कोविडमुळे घरात बंद. विदर्भातून आलेली त्याची आई विमानं थांबल्यामुळे इथंच अडकलेली. तिचं इन्सुलिन त्या रात्रीपुरतं उरलं होतं. ‘उद्या आणतो’ असं मी दोनदा म्हणालो होतो. तिसऱ्या दिवशी बर्फ पडला. दोष माझाच.

ट्रक शेजारच्या डेक्लनचा. जुना डिझेल पिकअप त्याने शेडमध्ये स्वतः इलेक्ट्रिक केलेला.

“पेडलवरून पाय एकदम काढू नकोस,” तो म्हणाला. “काढलास की मोटर उलट बॅटरी भरू लागते आणि मागच्या चाकांना आपोआप ब्रेक लागतो. बाकी ग्रँड!” (इथं आयरिश लोकांचं सगळंच ‘ग्रँड’ असतं, म्हणजे ठीक.)

हीटर लावला की बॅटरी भराभर उतरते, म्हणून बंद ठेवला. बोटं बधिर झाली, पण पाकीट उबेत होतं. मोटरवेवर मीठ टाकलेलं होतं. लॉकडाउनच्या नाक्यावर पोलिसाने विचारलं, “कुठं?” मी शर्टातून पाकीट काढलं. त्याने हसून हात हलवला.

पोर्टलीश गाव सोडल्यावर निखिलच्या घराकडची, डोंगरातली अरुंद वाट लागली. दोन्ही बाजूंना पांढरी कुंपणं, मेंढ्या मातकट दिसत होत्या. पहिल्याच चढावर पेडल हलकेच दाबलं, तरी मागची चाकं जागीच फिरली आणि ट्रक आडवा झाला. घाबरून मी पाय उचलला, नेमकं तेच करायचं नव्हतं. मागचा भाग घसरत कुंपणाला टेकला.

उतरून पाहिलं. मागचा हौदा रिकामा, म्हणून चाकांवर भारच नव्हता. वजन हवं होतं. आणि आसपास बर्फाशिवाय काही नव्हतं.

मग बर्फच!

हौद्यातलं फावडं घेऊन भरू लागलो. कुत्रा फिरवणारी एक बाई थबकली. “आमचा बर्फ चोरतोस काय रे?”

कारण सांगितल्यावर ती घरून दुसरं फावडं घेऊन आली. हौदा काठोकाठ भरून आम्ही दाबून बसवला. या वेळी ट्रक जमीन धरून, आवाज न करता, सरळ चढला. आरशात ती फावडं उंचावून नाचत होती. मी एकटाच ओरडलो, “चल राजा!”

निखिलच्या दाराशी पाकीट ठेवून मागे सरलो. काकू, म्हणजे त्याची आई, खिडकीत आल्या.

“अरे बाप्पा! एवढा बर्फ काहून (कशाला) आणला? आमच्याकडं कमी होता काय?”

हसता हसता मला रडू आलं. उशिराबद्दल माफी मागितली.

“तुही (तुझी) माय कुठी असते?”

“यवतमाळला. एकटी.”

“तिच्या गोया (गोळ्या) कोण आणून देते?”

“शेजारचा मंगेश.”

“मंग? तो तिच्याकडं जाते, तू माह्याकडं आला. तोंड कायले पाडतं?”

उतारावर पेडल हळूहळू सोडत गेलो, तशी बॅटरी उलट भरत गेली. घरी पोचून आईला फोन लावला. एरवी पहिलं वाक्य ‘मला येता येत नाही गं’ हेच असतं. त्या दिवशी म्हणालो, “आई, आज मी काय चालवलं माहितेय?”