पंचविसावं मशीन

“तू फक्त नंबर बघ. डोकं चालवू नकोस. ते तुम्हा लोकांना कोट्यात मिळत नाही.”

सर बोलले. वर्तकनगरच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये, भर दुपारी, सगळ्यांसमोर. लॅबच्या मॅडम हसल्या. शिपाईसुद्धा हसला. मी मान वर केली नाही. कान मात्र तापले होते.

माझं चुकलं काय होतं? मी नंबर बघितला होता, एवढंच.

आमची कंपनी कॉलेजांचे कॉम्प्युटर सांभाळते. सर सिनियर इंजिनियर, मी त्यांच्या हाताखाली. त्या दिवशी तीस मशिनांचा बायोस अपडेट करायचा होता. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी मशीनला जागं करणारा प्रोग्रॅम. आधीचं व्हर्जन बघितल्याशिवाय नवं टाकायचं नसतं. फार जुनं असेल तर मधलं एक व्हर्जन आधी टाकावं लागतं. नाहीतर मशीन चालूच होत नाही.

पण धंद्यातली रीत वेगळी. पहिलं मशीन बघायचं, फॉर्मवर व्हर्जनचा नंबर लिहायचा आणि खाली एकोणतीस वेळा ‘वरीलप्रमाणे’च्या टिकल्या मारायच्या. सरांनी तेच केलं होतं. मी मात्र एकेक मशीन चालू करून, एफ टूची की दाबून, नंबर वाचत गेले. शेवटच्या रांगेतली सहा मशिनं जुनी निघाली. म्हणून म्हटलं, “सर, यांचं व्हर्जन वेगळंय. फाइल डायरेक्ट नका टाकू.” त्यावर हे उत्तर.

आधीची चोवीस नीट झाली होती. त्यांनी पंचविसाव्या मशीनला पेन ड्राइव्ह लावला. अपडेटची पट्टी अर्ध्यावर गेली. अडकली. मग स्क्रीन काळी. पंखा तेवढा फिरत राहिला. सरांनी तीनदा बटण दाबलं. काही नाही.

मॅडमचा आवाज चढला. “हे कोणी केलं?”

“हिने,” सर म्हणाले. पापणीसुद्धा हलली नाही त्यांची. “व्हर्जन चुकीचं वाचलं हिने.”

मग एक कोरा कागद ओढला आणि स्वतःच लिहिलं: माझ्या हलगर्जीपणामुळे मशीन बंद पडले. कागद माझ्याकडे सरकवला.

“सही कर आणि विषय संपव. नाहीतर उद्यापासून येऊ नको.”

दिवा स्टेशनजवळची आमची खोली माझ्या पगारावर चालते. आईने गुडघ्यांपायी शीळफाट्याच्या गोडाऊनमधलं पॅकिंगचं काम सोडलं, त्याला वर्ष झालं. सही केली असती तर नोकरी राहिली असती. आणि तो कागद कायमचा माझ्या फाइलला लागला असता. पुढे कुठेही गेले असते तरी हलगर्जी मुलगी म्हणूनच.

मी पेन उचललं होतं. खोटं कशाला सांगू? वर्षभर गिळतच आले होते. पहिल्या दिवशी सरांनी आडनाव विचारलं, मग गाव, मग नुसतं “अच्छा” म्हणाले. तेव्हापासून माझ्या डब्याकडे त्यांनी कधी हात नेला नाही. तेही गिळलं होतं.

पण हलगर्जीपणा? तीसच्या तीस मशिनं मी बघितली होती. यांनी एक. माझं डोकं सणकलं. पेन खाली ठेवलं.

“नाही करणार.”

शेजारचं सव्विसावं मशीन चालू केलं. एफ टू दाबलं. “मॅडम, तुम्हीच वाचा.”

मॅडमनी नंबर मोठ्याने वाचला. मग सरांनी भरलेला फॉर्म बघितला. तिथे सव्विसाव्यासमोर नुसत्या टिकल्या.

“जास्त शहाणी झालीस काय गं?” सर ओरडले.

मॅडमनी फॉर्म टेबलावर टाकला. “तुमचं तुम्ही बघा बाबा. मला मशीन चालू करून द्या.” माझ्या बाजूने एक शब्द नाही. मला वाईट वाटलं. पण मी तो कागद पुन्हा जवळ ओढला.

त्याच कागदाच्या मागे मी लिहिलं: सहा मशिनांचं व्हर्जन जुनं आहे, हे मी आधी सांगितलं होतं. तरी सरांनी फाइल टाकली. खाली सही केली. फोटो काढला आणि तिथल्या तिथे ऑफिसला मेल केला.

उद्या मी वेळेवर कामावर जाणार आहे. काढायचं असेल तर काढतील. पण काढण्याचं कारण त्यांना लेखी द्यावं लागेल, आणि त्यावर माझी सही नसेल. दुसऱ्याची चूक मी यापुढे माझ्या नावावर घेणार नाही. सरांची नाही, कुणाचीच नाही.