मनगटापर्यंतची बाही

ती नटी गेल्याची बातमी दुपारी जेवताना टीव्हीवर आली आणि माझा घास हातातच राहिला. प्रताप नगरच्या या घरात आता मी एकटीच. रडू आलं तर आवाज दाबायची गरज नाही, आणि तेच फार लागलं.

तिच्यावरून मी जीव ओवाळून टाकायचे. तेव्हा आम्ही कोराडीच्या कॉलनीत राहत होतो. नवरा वीज केंद्रात, मी घरी शिवणकाम करायचे. तिचा प्रत्येक सिनेमा मी दोनदा पाहायचे, एकदा रडायला आणि एकदा ब्लाउज बघायला. अंधारात लिहिता येत नाही, म्हणून बाहीच्या चुण्या मोजत पदराला गाठी मारायच्या आणि घरी येऊन त्या सोडवत कापड बेतायचं. पुढे ती दारू पिते, शूटिंगला येत नाही, असं मासिकांत छापून यायला लागलं. मी त्या मासिकांनाच शिव्या घातल्या.

त्याच सुमाराला तिच्या सिनेमांत मनगटापर्यंतची बाही आली. कॉलनीत तसला ब्लाउज पहिल्यांदा मागितला तो मागच्या ओळीत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं. सिनेमाला आम्ही दोघी मिळूनच जायचो. भर मे महिना, अंगावर केंद्राची राख उडतेय, आणि हिला पूर्ण बाही! मी टेप काढला तर ती मागे सरकली.

"माप काहून घेतं वं? हा जुना ब्लाउज घे, त्याच्यावरून शिव."

"वा वा, हिरोइन झाली आमची! हात बी लावू देत नाही," मी म्हटलं. ती हसली. मीही हसले.

नवा ब्लाउज न्यायला आली तेव्हा मशीनजवळ बराच वेळ बसून राहिली. मग त्या नटीचा विषय काढून हळूच म्हणाली, "तिले सुख असन काय वं?"

"तिले कायची कमी हाय? राणीवानी राहते," असं म्हणून मी पायडल मारलं. हातात कुणाचं तरी अर्जंट काम होतं. मापाचा ब्लाउज राहू दे, पुढच्या वेळी लागेल, म्हणाली आणि गेली. महिन्याभरात तिच्या नवऱ्याची बदली झाली. पत्ता मी मागितला नाही, तिनं दिला नाही.

आज टीव्हीवर त्या नटीचे कपडे सांभाळणारी म्हातारी बाई बोलत होती. नटी घरी मार खाऊन शूटिंगला यायची, म्हणाली. हातावरचे वळ झाकायला ती बाही तिनं स्वतः मागून घेतली होती.

मी ताटावरून उठले. मशीनच्या खणात तळाशी तो मापाचा ब्लाउज अजून आहे. ब्लाउज बघून बाईचं सगळं ओळखते, अशी फुशारकी मारणारी मी. माझी मलाच लाज वाटली. मैत्रिणीनं त्या दिवशी विचारलं ते कुणाबद्दल, हे कळायला मला एवढी वर्षं लागली.

ब्लाउज मांडीवर घेऊन बसले. तो परत न्यायला ती कधी आली नाही.