कटिंग मास्तरांचा एक वाजताचा चमचा

कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर म्हणजे हुकमी माणूस. एका वेळी कापडाचे चाळीस थर कापायचे; हात चळला की चाळीस सदरे बाद. त्यात या मास्तरांना तेलाच्या डागाची भारी धास्ती. टेबलावर कापड असेस्तोवर ते अन्नाला शिवत नसत, आणि टेबल रिकामं कधी व्हायचं? दिवस चहा-टोस्टवर निघायचा. बायको होती तोवर भरलेला डबा परत आला की घर डोक्यावर घ्यायची. ती गेली, तसं विचारणारंही कुणी उरलं नाही.

त्या वर्षी तापानं पिच्छाच पुरवला. पंधरा दिवस बरे, की पुन्हा खोकला, पुन्हा कणकण. अशातच लेकीला मुलगी झाली. मास्तर धावतपळत गेले, तर लेकीनं दारातच अडवलं.

"बाबा, रागावू नका. पण हे दुखणं जाईपर्यंत बाळाला हातात नाही देणार हं."

"बरोबर आहे गं तुझं," म्हणाले, आणि खिडकीतून नात बघून माघारी आले.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. मोठं काही निघालं नाही. वजन तेवढं आठ किलोनं उतरलेलं.

"औषध देतो," डॉक्टर म्हणाले, "पण रोगाशी लढणारी फौज शरीर खाण्यातूनच उभी करतं. तुम्ही तिला चहावर ठेवलीय."

मास्तरांनी हे कारखान्यात सांगून हसण्यावारी नेलं. बटणं लावणाऱ्या ताई मात्र हसल्या नाहीत.

"मास्तर, दोन मीटरमध्ये चार सदरे बेतता येतील?"

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"मग चहा-टोस्टवर अंगाकडून एवढं कसं मागता?"

दुसऱ्या दिवशी एकच्या ठोक्याला ताई डबा उघडून पुढ्यात हजर. उकडलेलं अंडं, वाटाणे, पालेभाजी, संत्र्याच्या सोललेल्या फोडी.

"अहो, हात बरबटतील!"

"म्हणून तर चमचा आणलाय. खाताय की भरवू? सगळे बघतायत."

मास्तरांनी मुकाट्यानं चमचा घेतला. आठवडाभर तोंड वाकडं केलं, मग गपचूप स्वतःचा डबा भरू लागले. एक वाजला की कापायचं यंत्र बंद, मालक समोर उभा असला तरी. पुढे सर्दी झालीच नाही असं नाही. पण आली तशी तीन दिवसांत गेली. ताप फिरकला नाही. गालफडं भरली.

तीन महिन्यांनी लेकीनं आपणहून नात त्यांच्या मांडीवर ठेवली. मास्तर श्वाससुद्धा जपून घेऊ लागले. मग म्हणाले, "ताईंना फोन लाव. माझे हात अडकलेत."

लेकीनं फोन त्यांच्या कानाला धरला.

"ताई, नात मांडीवर आहे."

"मग माझ्याशी काय बोलत बसलात? तिच्याशी बोला की!"

"बोलतो. पण आधी तुम्हाला..."

वाक्य अर्धवट टाकून मास्तर नातीकडे बघत राहिले. पलीकडे ताईंनीही फोन ठेवला नाही.