तिखट कानाची सून

आमच्या पद्माकाकूनं सासरी छान जुळवून घेतलं, असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. काकूनं काहीएक जुळवून घेतलेलं नाही. अकरा माणसांच्या आमच्या घरानं तिच्याशी जुळवून घेतलं, तेही आठ दिवसांत. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि हे सगळं माझ्यासमोर घडलंय.

काळेवाडीतलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि वर पत्रे. माझे वडील भिवा, म्हणजे आमचे दादा, आणि धाकटा जयसिंगकाका, दोघंही कंपनीत प्रेस शॉपला. पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशिनींच्या दणदणाटात त्यांनी वर्षानुवर्षं काढलेली. त्यामुळे दोघांना कमी ऐकू यायला लागलं होतं, पण हे घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. त्यांना स्वतःलाही नव्हतं. दादांना वाटायचं, माणसं हल्ली पुटपुटतात. माझी आजी सोजराबाई, तिला वाटायचं, पोरं पगारदार झाली म्हणून आईला जुमानत नाहीत. मग ती आवाज चढवायची. तिच्यावर कडी करायला आई चढवायची, आईवर आम्ही सहा भावंडं, आणि सगळ्यांच्या वर रेडिओ. आजीनं "भिवा, जेवाय ये" अशी हाक मारली की पलीकडच्या आळीतली माणसं हात धुवायची.

त्र्याहत्तर साली ह्या घरात पद्माकाकू जयसिंगकाकाशी लग्न होऊन आली. माहेर महाळुंग्याचं, घर गावाच्या कडेला, पुढे नुसतं रान. तिचे कान लहानपणापासून फार तिखट. ताट फरशीवर आदळलं की ती दात आवळून उभी राहायची. उलथनं कढईला खरवडलं, स्टोव्ह भुरभुरला की तिला घाम फुटायचा. तिला राग येत नव्हता, तिला दुखत होतं. पण नव्या नवरीनं हे सांगायचं कोणाला? तिनं कापसाचे बोळे तेलात बुडवून कानांत घातले, वरून पदर घेतला आणि कामाला लागली.

झालं काय, की त्या गलक्यात आजीची हाक बोळ्यांतून तिला वेगळी कळेना. आजी बोलवायची आणि ही पाठमोरी भाकऱ्या थापत राहायची. आजीनं निदान केलं, सून बहिरी आहे! दादांना ते लगेच पटलं. जयसिंगकाकालाही शंका आली, कारण ती काय बोलते ते त्याला कधीच ऐकू येत नव्हतं. मग अख्खं घर तिच्या कानाशी जाऊन ओरडायला लागलं. जिला पत्र्यावर सरपटणारी पाल ऐकू यायची, तिलाच आम्ही बहिरी ठरवली. ह्याचं मला अजून हसू येतं आणि लाजही वाटते.

आजीनं चाकणच्या बाजाराला जाणाऱ्या एकाबरोबर काकूच्या वडिलांना निरोप धाडला. "तुमची लेक बहिरी हाय. आमास्नी फसवलंसा. येऊन घेऊन जावा." उलट निरोप आला, ज्वारीची पेरणी उरकून पुढच्या आयतवारी येतो.

जयसिंगकाका हादरला. त्याचा बायकोवर जीव होता. आधी डॉक्टरला दाखवू, म्हणून तो हटून बसला. त्या शनिवारी काका, काकू, दादा आणि आजी चिंचवडच्या डॉक्टरांकडे गेले. मला खोकला होता म्हणून मलाही नेलं.

डॉक्टरांनी काकूच्या कानांतले बोळे काढले. मग मनगटावरचं घड्याळ सोडलं, तिच्या पाठीमागे धरलं आणि एकेक पाऊल मागे सरकत गेले.

"टिकटिक येतेय ऐकू?"

"व्हय."

डॉक्टर भिंतीला टेकले. "अजून?"

"येतीय. आन् तुमच्या आतल्या खोलीत नळ ठिबकतोय."

कंपाउंडर आत जाऊन पाहून आला. खरंच ठिबकत होता. डॉक्टरांना मौज वाटली. त्यांनी सहज म्हणून घड्याळ काकाच्या कानाला लावलं. काका डोळे मिटून वाट बघत राहिला.

"लावा की, डॉक्टर," तो म्हणाला.

"लावलंय," डॉक्टर म्हणाले.

दादांचंही तेच झालं. आजीचे कान मात्र ठणठणीत निघाले. ती दोन्ही मुलांकडे आळीपाळीनं बघत राहिली. "म्हंजी मी इतकी वर्सं वरडत हुते, आन् ह्यांना ऐकूच येत न्हवतं?" असं म्हणून ती दवाखान्यातच रडायला लागली. आईचं ऐकत नाहीत म्हणून तिनं दोघांना किती शिव्या घातल्या होत्या, ते तिलाच माहीत.

घरी आल्यावर तिनं काकूचा हात धरला. "पोरी, माझं चुकलं. आता कुटं जाऊ नगंस."

काकू शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, मला ऐकू येतं म्हणूनच मी जाणार. ह्या आवाजात माझा जीव ऱ्हात न्हाई. आप्पा आले की मी निघते."

काकानं वेगळी खोली घ्यायचं सुचवलं. तिथंही शेजार असणारच, ती म्हणाली. काकाचा चेहरा एवढासा झाला.

दुसऱ्या दिवशी जेवताना एक गोष्ट घडली. माझा भाऊ वाटी ताटावर बडवत होता. दादांनी नुसती मूठ वर केली आणि तो थांबला. प्रेस शॉपमध्ये तोंडानं बोलून काही उपयोग नसतो, तिथं सगळे हातानं बोलतात. मूठ वर केली की थांब, तळहात खाली दाबला की सावकाश, अंगठा तोंडाकडे नेला की चहा. दादा आणि काका घरातही आजीच्या नकळत असं बोलायचे, बहुतेक तिच्या कालवणाविषयी. काकू हातात पळी धरून बघतच राहिली.

"हे मला शिकवा," ती म्हणाली. "सगळ्यांनाच शिकवा. वरडून तुमाला ऐकू येत न्हाई आन् मला जास्त येतं. हातानं बोललं तर सगळ्यांचंच भागंल."

आम्ही पोरं दोन दिवसांत तरबेज झालो. भाकऱ्या किती ते बोटांवर, पाणी हवं तर ओंजळ. काकूनं भांडी घासायच्या दगडावर गोणपाट घातलं, डब्यांच्या झाकणांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे चढवले. रेडिओचा आवाज उतरवला, दादा त्याला कान चिकटवून बसू लागले. अडली ती एकटी आजी. बोलायचं नाही म्हणून ती पदर दातांत धरायची. खुणांनी रागवायचंही ती शिकली, पण त्या खुणा इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

शुक्रवारी दूध उतू गेलं आणि आजीचा बांध फुटला. असली गरजली की पत्रे हादरले. काकू कान दाबून खाली बसली. मग उठली, चार लुगडी पिशवीत भरली आणि पिशवी दाराशी नेऊन ठेवली. शनिवारभर आजी त्या पिशवीला वळसा घालून ये-जा करत होती आणि तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

रविवारी दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो असताना काकूचे वडील ज्योतीराम दारात आले. "जय भीम!" अकरा जणांनी हात वर केले. आवाज कोणाचाच नाही. ताटं गोणपाटावर, पोरं गप्प, रेडिओ मुका. म्हाताऱ्यानं टोपी काढली, दाराशी उकिडवा बसला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "कोण गेलं? मला सांगावा कसा न्हाई धाडला?"

काकूला हसू आवरेना. "आप्पा, कोणी न्हाई गेलं. समदी जेवत्यात."

"मंग घाबरिवता कशाला रं!" ज्योतीराम जिवाच्या आकांतानं ओरडला.

आजी ताटावरून उठली. साऱ्या काळेवाडीला जेवायला उठवणारी माझी आजी, इतक्या हळू बोलली की मला कान द्यावा लागला. "इवाई, जरा दमानं बोला. माझ्या सुनंला तरास हुतो."

म्हातारा लेकीकडे बघू लागला. "मंग, पद्मे? चलायचं का?"

काकूनं दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. "जेवून जावा, आप्पा," ती म्हणाली. "मी हितंच ऱ्हाते."

जयसिंगकाकाला हे ऐकू गेलं नव्हतं. घास हातात धरून तो एकेकाचं तोंड बघत होता. ओरडून सांगायला आजीनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग तिनं काकूकडे बोट दाखवलं आणि तळहातानं जमीन दोनदा थोपटली. राहतेय.