कार्ड आलं का?

नकाशावर दोरा ठेवताना नाना श्वास धरत. साधा शिवणाचा पांढरा दोरा, मेणबत्तीवर घासून कडक केलेला. डाव्या हाताच्या नखानं एक टोक दाबायचं आणि उजव्या हाताच्या बोटानं तो डोंगराच्या धारेवरून हळूहळू सरकवत न्यायचा. खिंड आली की वळवायचा, कड्यातली नाळ आली की त्या घळीतून खाली उतरवायचा. सगळा टप्पा संपला की दोरा उचलून पट्टीवर ताणायचा आणि मगच श्वास सोडायचा. "बघ बारनिशी, डोळा फसवतो, दोरा न्हाई फसवत."

बारनिशी म्हणजे मी. राहुरीच्या एका सरकारी ऑफिसात आलेलं टपाल आवक रजिस्टरला चढवायचं माझं काम होतं. जुन्या लोकांत त्या रजिस्टरला बारनिशी म्हणत. नानांनी ते नाव मला चिकटवलं ते कायमचं. ते तिथं ट्रेसर होते, म्हणजे कालव्याचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं उतरवून घेणारे. नकाशे कॉम्प्युटरवर गेले आणि त्यांना काम उरलं नाही, पण टेबल उरलं. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, तो हक्क मी गमावलाय. कसा, ते पुढं कळेलच.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. लग्न केलेलं नाही, भाड्याची एक खोली, दोन शर्ट आलटून पालटून. अशा माणसाचं कुठंतरी एक मोठं काम गुपचूप चाललेलं असतं. नानांचं काम होतं सह्याद्रीची धार पायी पुरी करायची. एका दमात नव्हे. दरवर्षी एक टप्पा, पंधरा दिवसांचा. होळीच्या दुसऱ्या दिवशी पाठीवर सॅक टाकून निघायचं आणि गुढी उभारायला घरी परत यायचं.

हेच पंधरा दिवस का, तर त्यांचा हिशेब असा : "होळीच्या आधी जावं तर डोंगर फुललेला नसतो. पाडव्यानंतर जावं तर प्यायला पाणी नसतं. मधी पंधरा दिवस असे हायेत की पांगारापण लाल आन् कातळातलं टाकंपण ओलं."

टप्पा निवडायचा कार्यक्रम संक्रांतीनंतर सुरू होई. जेवणाच्या सुट्टीत नाना जोडलेले नकाशे टेबलावर पसरत. एका कोपऱ्यावर त्यांचा डबा, दुसऱ्यावर माझा, तिसऱ्यावर शिक्क्याच्या शाईची डबी, चौथ्यावर पाण्याचा तांब्या. मग वाद. मी म्हणायचो, इथून इथं सरळ जाऊ. ते म्हणायचे, "सरळ तर कावळा जातो. तू काय पिणार?" त्यांच्या लेखी पाणी पहिलं, सावली दुसरी, भाकरी तिसरी. देखावा सगळ्यात शेवटी. जिथं पाणी नक्की, तिथं दोऱ्याला गाठ. चौदा गाठी म्हणजे चौदा मुक्काम. एकदा तेरा गाठींवर दोन आठवडे अडले होते, एका झऱ्याचा भरवसा वाटेना म्हणून.

पाण्याची खात्री ते कार्ड टाकून करत. वाटेवरच्या प्रत्येक वाडीला, शाळेच्या नाहीतर अंगणवाडीच्या पत्त्यावर, एक पाकीट. आत चिठ्ठी : आम्ही दोघं अमुक तिथीला येत आहोत, तुमच्या झऱ्याला पाणी कुठपर्यंत असतं ते कृपया कळवावं. सोबत कोरं पोस्टकार्ड, त्यावर आमच्या ऑफिसचा पत्ता आधीच घातलेला. खोलीला दिवसभर कुलूप, म्हणून ऑफिसचा पत्ता.

आमच्या ज्युनियर इंजिनियर मॅडम एकदा म्हणाल्या, "नाना, मोबाईलवर अख्खा डोंगर दिसतो की आता. झरासुद्धा दिसतो."

"दिसतो ना मॅडम," नाना म्हणाले. "पिता येतो का तेवढं बघा."

त्यांचा नियम पक्का होता. कार्ड नाही तर टप्पा नाही. म्हणून माघ उजाडला की रोज अकरा वाजता, पोस्टमन गेला की, ते माझ्या टेबलाशी येत. एक हात रजिस्टरवर ठेवत.

"काय रे बारनिशी, कार्ड आलं का?"

आलं असलं की मी ते मुद्दाम फायलीखाली दडवायचो, चेहरा पाडायचो आणि मग काढून द्यायचो. ते शिव्या देत हसायचे. ही आमची दरवर्षीची गंमत होती. हे लक्षात ठेवा.

चिठ्ठीतल्या 'आम्ही दोघं' मधला दुसरा मी होतो. आणि मी एकदाही गेलो नाही.

पहिल्या वर्षी आईचा मोतीबिंदू निघाला. पुढं मुलीची दहावी, मग बारावी. मग मार्चअखेरचं टपाल. त्यात खोटं काहीच नव्हतं, पण खरंही नव्हतं. खरं असं की मला टप्पा निवडायला आवडायचं, चालायला नाही. दोरा खिंडीतून जाताना माझ्या अंगावर काटा यायचा, तेवढ्यानंच माझं पोट भरायचं. खुर्चीत बसून सुटलेलं माझं शरीर त्या धारेवर कसं दिसेल, नानांना किती वेळा थांबावं लागेल, याची मला भीती होती. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. मी बारा वर्षांत ते सांगितलं नाही.

नाना कधी रुसले नाहीत. निघायच्या दोन दिवस आधी मी मान खाली घालून जायचो. ते म्हणायचे, "आरं, डोंगर कुठं पळतोय. तू आईचं बघ." पाडव्याला काळवंडून परत येत आणि जेवणाच्या सुट्टीत मला सगळं सांगत. तेही कसं, तर "आपला चौथा मुक्काम लई भारी झाला बरं का" असं. आपला! सॅकमध्ये दोन ताटल्या नेत आणि दोन्ही घासून परत आणत.

असं करता करता सगळी धार संपली. उरला एकच टप्पा, तो आपल्याच जिल्ह्यातला. अकोले तालुक्याची पश्चिम कड : कळसूबाईच्या पायथ्यापासून रतनगड, मग हरिश्चंद्रगड ओलांडून माळशेजच्या तोंडापर्यंत. तो त्यांनी मुद्दाम मागं ठेवला होता. "घरचं ताट शेवटी वाढायचं असतं," म्हणायचे.

ते त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. जूनमध्ये रिटायर होणार होते. गुडघा कुरकुरत होता. टेबलावर नकाशा पसरल्यावर ते दोऱ्याला हात न लावता म्हणाले, "ह्या टप्प्याचा दोरा तू ठेव."

मी ठेवला. दोरा दोनदा धारेवरून घसरला. चौदा गाठी मी मारल्या. नववी गाठ कड्याजवळच्या एका वाडीवर होती. त्या वाडीला एकच झरा, आणि तो सोडला तर पुढं-मागं पाणीच नाही. त्या गाठीवर सगळा टप्पा टांगलेला होता.

"ह्या वेळी येतोस ना?" त्यांनी विचारलं.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलीचं लग्न झालं होतं. मार्चअखेरचं काम दुसऱ्या टेबलाला गेलं होतं. माझ्याकडं एकही कारण शिल्लक नव्हतं.

"येतो की," मी म्हणालो.

तेरा कार्डं आली. नवव्या गाठीचं येईना. होळी तीन आठवड्यांवर आली, आणि एका सोमवारी पोस्टमननं टाकलेल्या गठ्ठ्यात ते निघालं. निळ्या शाईचं, गोल अक्षर, खाली अंगणवाडीताईची सही. 'झऱ्याला पाणी हाय. पाडव्यापर्यंत पुरंल. काळजी करू नये. दोघंबी या. भाकरी होईल.'

मी ते दोनदा वाचलं. आता जावंच लागणार होतं. त्याच वेळी जिन्यात नानांच्या चपला वाजल्या. मी कार्ड ड्रॉवरमध्ये सरकवलं. शपथेवर सांगतो, त्या क्षणी ती नेहमीचीच गंमत होती.

"काय रे बारनिशी, कार्ड आलं का?"

मी चेहरा पाडला. "नाही आलं."

ते माझ्या चेहऱ्याकडं बघत उभे राहिले. मी आता कार्ड काढीन, मग ते शिवी देतील. मी काढलं नाही. ते गेले.

दुसऱ्या दिवशी देऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी दिलं असतं तर काल का नाही, हे सांगावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचं सांगावं लागलं असतं. जो विचारतोय त्यानं अजून एकदा दरडावून विचारावं, म्हणजे आपण कबूल करू, असं मला रोज वाटायचं. नाना दरडावणारे नव्हते. तीन आठवडे रोज अकरा वाजता त्यांनी विचारलं आणि रोज मी नाही म्हणालो. तेवीस वर्षांच्या नोकरीत रजिस्टरला न चढवलेलं ते माझं एकमेव टपाल.

होळीच्या आदल्या दिवशी ते खुर्ची ओढून समोर बसले.

"झरा आटला असंल," म्हणाले. "आटल्याचं लिहायला लाज वाटली असंल त्या लोकांना. पाव्हण्याला 'पाणी न्हाई' कसं कळवायचं? म्हणून न्हाई लिहिलं बिचाऱ्यांनी."

मी मान हलवली. माझ्या गुन्ह्याला त्यांनी कुणा दुसऱ्याची लाज शोधून दिली, आणि मी ती घेतली.

रजा मंजूर होती. ती त्यांनी मोडली नाही. धुळवडीच्या सकाळी सुट्टी असल्यामुळं मला काही दिसलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मी खिडकीशी उभा होतो तर कालव्याच्या भरावावरून नाना चाललेले. पाठीवर भरलेली सॅक, डोक्याला उपरणं. पंधरा दिवस ते असेच रोज कालव्याच्या कडेनं चालत राहिले. पाणी नक्की असलेली तेवढीच एक वाट त्यांना माहीत होती. खिडकीखाली आले की हात वर करायचे. सॅकमधल्या दोन ताटल्या एकमेकींवर वाजायच्या, तो आवाज मला वर ऐकू यायचा.

जूनमध्ये निरोप समारंभ झाला. भाषण मीच केलं. चांगलं झालं म्हणे. जाताना त्यांनी चौदा गाठींचा तो दोरा माझ्या रजिस्टरवर ठेवला. "राहू दे तुझ्याकडं. पुढच्या होळीला पुन्हा कार्ड टाकू." मग ते कोपरगावला पुतण्याकडं राहायला गेले.

पुढच्या होळीला त्यांचा गुडघा जिना चढू देत नव्हता, असं कुणीतरी सांगितलं. त्याच्या पुढच्या होळीला मी भेटायला जाणार होतो. गेलो नाही. त्या पावसाळ्यात एकदा ड्रॉवर आवरताना कार्ड हाताला लागलं आणि मी बसल्या बैठकीला चार पानं लिहिली. सगळं लिहिलं. आत कार्ड घातलं आणि पाकीट स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

नवव्या दिवशी ते माझ्याच टेबलावर परत आलं. चिकटवलेलं तसंच्या तसं. वर पोस्टमनच्या हातचा शेरा : 'मालक मयत, सबब परत.'

मी ते समोर ठेवलं. मग रजिस्टर उघडलं आणि दोन ओळी चढवल्या. एक पाकिटाची. दुसरी कार्डाची, ते आलं त्या सोमवारच्या तारखेनं.

गेल्या फाल्गुनात धुळवडीच्या सकाळी मी एसटीनं अकोल्याला उतरलो. तिथून राजूर, पुढं जीप, आणि जीप थांबली तिथून पायी. पंधरा दिवसांचा टप्पा माझ्याच्यानं होणार नव्हता, आणि झाला असं मी सांगणार नाही. मी फक्त नवव्या गाठीपर्यंत गेलो. तीन तासांची चढण मला सहा तास लागली. वाटेत पांगारा होता, लाल. बसायला सावली नेमकी तिथंच होती जिथं नानांनी नकाशावर पेन्सिलीनं खूण केली होती.

वाडीत अंगणवाडीताई दारातच नाचणी पाखडत होती. पन्नाशीची, कपाळावर गोंदण. मी राहुरीहून आलो म्हटल्यावर तिचं सूप थांबलं.

"पत्रवाले?" ती म्हणाली. "अवं, किती वाट बघितली! दोघं येनार हुते ना? त्यातले तुमी कोन?"

"दुसरा," मी म्हणालो.

"मंग पैले कुठंत? मागं ऱ्हायले का?" ती माझ्या खांद्यावरून वाटेकडं बघायला लागली.

मी तिला सांगितलं. ते वारले. तुमचं कार्ड आलं होतं, मी त्यांना दिलं नाही. इतकंच. चार पानांचं तीन वाक्यांत झालं. मला वाटलं होतं ती विचारील, का. ती सुपातले खडे वेचत राहिली.

"मी रोज घडा भरून झाकून ठेवायची," ती म्हणाली. "आन् पाडव्यापर्यंत पुरंल म्हनून लिवलं खरं, पन त्या साली झऱ्याला लई पानी. जेठातबी आटलं न्हाई."

मग ती उठली, कळशी माझ्या हातात दिली, आणि भाकरीला पीठ काढायला आत गेली.

झरा घराच्या वरच्या अंगाला होता. मी कळशी भरायला टेकवली. भरायला वेळ लागत होता. खिशातला दोरा हाताला लागला, नववी गाठ कुठली ते मी अंदाजानं चाचपून काढलं, आणि खालच्या वाटेकडं बघत उभा राहिलो. कळशी भरली, वाहायला लागली. आतून ताईचा आवाज आला, "भाकऱ्या किती टाकू?"