राहीवैनीचं मिल्ट्री मलम

आमच्या राहीवैनीला जल्मात कवा कुनाला ‘न्हाई’ म्हनता आलं न्हाई. दारात कुनी ताक मागाया आलं की घरच्यांच्या वाटचं उचलून द्यायची आन् आमी कोरडी भाकर चावत बसायचं. मी तिचा धाकला दीर. एकाच अंगनात आमची दोन बिऱ्हाडं, म्हनून सांगतो, अशा मानसाशेजारी संसार करनं काय सोपं नस्तं. माजा थोरला भाऊ नाथाजी मिल्ट्रीत हवालदार, वरसातनं एकदा सुट्टीला यायचा. वैनीला मूलबाळ न्हाई. माजा पोरगा सयाजी तिच्याच मांडीवर वाढला, तिला थोरली आई म्हनायचा.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या म्होरल्या साली दादा सुट्टीवर आला. बुटानं त्येच्या पायाला इसब झालं व्हतं आन् मिल्ट्रीच्या दवाखान्यातनं मलमाच्या ट्यूबा मिळाल्या व्हत्या. जाताना त्यातल्या दोन-तीन घरातच ऱ्हायल्या. वैनीच्या मनगटाला साबनानं चट्टा उठला व्हता, तिनं सहज लावून बगितलं, तर चट्टा गेला. झालं! ट्यूब गेली देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी. मंग जो यील त्येला अंगाऱ्यावानी बोटाच्या टोकावर वाईच मलम.

केरबाला गांधील चावली, लाव मलम. शालूबाईच्या पोराच्या गालावर पुवाचे फोड आले, लाव मलम. ज्येला गुन आला त्यो गावभर सांगत सुटायचा आन् ज्येला न्हाई आला त्यो नशिबाला बोल लावून गप बसायचा. मी एकदा म्हनलं, “वैनी, दादाच्या पायाचं औशद गावाच्या तोंडाला कशाला?” तर म्हनली, “भावजी, मिल्ट्रीचं हाय, सरकारी. त्यात वंगाळ काय असनार?”

सयाजी तवा तालमीत जायाचा. हौद्यातली तांबडी माती अंगाला लागली की समदं रोग जात्यात, अशी पैलवानांची समजूत. म्हनून एकाला गजकर्ण उठलं की त्यो तीच माती घासनार, आन् मंग ते पंधरा जनांच्या अंगावर फिरनार. सयाजीच्या मानंला तसंच रुपयाएवढं कडं उठलं. त्येची तर सांगलीच्या मिल्ट्री भरतीची तयारी चाललेली. धावनं, छाती, उंची, कशातच त्यो मागं नव्हता. पर अंगावर गजकर्ण दिसलं की डाक्टर लायनीतनं बाहीर काढतोय, ह्ये आमच्या गावात शेंबड्या पोरालाबी ठावं. पोराची झोप उडाली. वैनीनं मलम लावलं आन् खाज थांबली, लाली गेली. आमची लीलाबाई, म्हंजे सयाजीची आई, गल्लीभर जावंचं गुन गात फिरली.

पर लावायचं थांबलं की खाज परत. पयल्यापरास जास्त. मंग परत मलम, परत बरं. असं करता करता ते मानंवरनं खांद्यावर उतरलं, पाठीवर गेलं. आता गोल कडंबी दिसंना, नुसता पुसट डाग पसरलेला. भरती दोन महिन्यावर आली. मी म्हनलं, लय झाला गावठी कारभार, आन् पोराला एस्टीत घातला. वैनी आपल्या आपन शेजारी यिऊन बसली.

सांगलीच्या विश्रामबागेत कातडीचे एक डाक्टर व्हते. त्यांनी पात्यानं वाईच साल खरवडलं, काचंवर घिऊन दुर्बिनीतनं बगितलं आन् इच्यारलं, “याच्यावर काय लावत होतात?”

वैनीनं कनवटीची ट्यूब काढून टेबलावर ठिवली. “मी लावली,” म्हनली.

डाक्टरांनी ट्यूब वाचली. मला वाटलं आता झापत्यात, पर न्हाई. म्हनले, “बाई, औषध चांगलं आहे. तुमच्या मालकांच्या इसबाला बरोबरच दिलंय. पण हे गजकर्ण आहे, म्हणजे बुरशी. या मलमानं लाली आणि खाज दबते, माणसाला वाटतं बरं झालं, आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं. पुवाच्या फोडांना तिसरंच औषध लागतं. आणि लहान मुलांच्या तोंडाला तर हे विचारल्याशिवाय लावूच नका, कातडी पातळ होते.”

शालूबाईच्या पोराचं नाव वैनीच्या तोंडातनं आपसूक निघालं. “घेऊन या त्याला,” डाक्टर म्हनले. मंग सयाजीला गोळ्या दिल्या, निराळं मलम दिलं. डागाच्या भाईरपत्तूर लावायचं, डाग दिसायचा बंद झाला तरी सांगितलं तितके दिस सोडायचं न्हाई. तालीम बंद, टावेल निराळा, कापडं उकळत्या पान्यात. आन् निघताना म्हनले, “हे जुनं मलम बंद केल्यावर आधी भडकेल. घाबरून परत तेच लावलंत तर मात्र भरती विसरा.”

भडकलं की वो! पाठ अशी लालभडक झाली की पोराला सदरा सोसंना. भरती जवळ यायला लागली. लीलाबाईचा धीर सुटला. वैनी जोंधळं निवडत बसली व्हती, तितं जाऊन ही उभी ऱ्हायली.

“आक्का, एक डाव ती ट्यूब द्या. भरतीपुरती लाली दबू दे, मंग बघू काय व्हईल ते.”

“न्हाई,” वैनी म्हनली.

मी वसरीवर बसलो व्हतो. माझ्या कानावर माजा इस्वास बसंना. लीलाबाईनं पदर पसरला. रडली. वैनी मान खाली घालून जोंधळ्यातलं खडं काढत ऱ्हायली. मंग आमची बाई नको ते बोलली. म्हनली, “पोटचा असता म्हंजे कळलं असतं तुमास्नी!”

वैनीचा हात थांबला. मंग म्हनली, “लीला, काय म्हनायचं ते म्हन. मी देनार न्हाई.”

तवापासनं अंगनात दोघींची तोंडं दोन दिशंला. मी आपला दोघींच्या मधी, मुंडासं संबाळत. वैनीनं मातर शालूबाईच्या पोराला सवता सांगलीला नेलं. पोराचं फोड बरं झालं. गावातलं कोन मलम मागाया आलं की म्हनायची, “आदी डाक्टरला दाव, बाबा.” लोकं हसली, कोन रुसलीबी. आन् इकडं सयाजीची पाठ हळूहळू निवत गेली. आदी खाज हटली, मंग पापुद्रा गेला, आन् एक दिस आंघुळीला बसला तर कातडी धुतल्या पाटीवानी. माज्या जिवाचा घोर मिटला, खोटं कशाला बोलू.

भरतीच्या दिशी मी मैदानाच्या तारंभाईर उभा. पोरगं डाक्टरच्या तंबूत शिरलं. भाईर आलं तवा लांबनंच हात वर केला त्येनं. मी तितंच खाली बसलो.

घरी आलो. सयाजी पयल्यांदा थोरल्या आईच्या पाया पडला. वैनीनं त्येच्या मानंवरनं हात फिरवला, सदऱ्यात हात घालून पाठ चाचपली, आन् मंग हुंदका फुटला तिला. “पास झाला नस्तास, तर तुज्या आईला कसलं तोंड दावलं असतं रं मी?”

लीलाबाई उंबऱ्यात हुबी व्हती. पेढ्याचा पुडा तिच्या हातातच ऱ्हायला. म्हनली, “आक्का, ती ट्यूब तुमी दिली असती, तर मी लावली असती.”