जावईबापूंचं साफ पाणी

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. नागपूरच्या कडेला जिथं शहराचं सांडपाणी टाक्यांत घेऊन निवळवत, तिथं मधुकरराव केमिस्ट होते. माणूस महाचिवट. पाण्यातला गाळ नीट खाली बसत नाही, हे त्यांना वर्षानुवर्षं सलत होतं. घरी बायका गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात, तेच इथं मोठ्या टाकीत चाले. पण सांडपाणी म्हणजे काही माठातलं पाणी नव्हे, ते थोडंच ऐकतंय!

त्या उन्हाळ्यात त्यांची बायको तारा काविळीनं गेली. मधुकरराव रडले नाहीत. तेरावं उरकून कामावर आले आणि काचेची भांडी मांडून बसले. डबा खाल्ला की नाही, हेही त्यांना आठवत नसे. आधी चुन्याची निवळी, मग तुरटी. अगोदर जोरात ढवळायचं, मग अगदी हळू, कारण घाई केली की गाळाचे जमलेले पुंजके फुटतात. दिवाळीपर्यंत जमलं. टाकीचा तळ दिसू लागला. साहेबांनी पाठ थोपटली, पण ती पाठ दुसऱ्याच कुणाची असावी तसे मधुकरराव उभे राहिले.

टाकीतलं पाणी पुढं ज्या नाल्यात सोडत, त्याच्या काठी खाली रंभाबाईची भाजीची वाडी होती; त्याच पाण्यावर ती पिके. ती ताराच्या माहेरगावची, सावनेरकडची, म्हणून मधुकरराव तिचे जावई. आणि गावच्या जावयाला बोल लावायचा नसतो. दर आठवड्याला ती पालकाची जुडी आणून देई. दिवाळीनंतर जुडी बारीक झाली, पानं पिवळी पडली, तरी बाईनं चकार शब्द काढला नाही. मधुकररावांनीही जुडीकडे कधी धड पाहिलं नाही.

संक्रांतीनंतर ती रिकाम्या हातानं आली.

"आज भाजी नाही आणली?"

"वाडी मोडली, जवाईबापू. तुमचं पाणी साफ झालं. त्यातला कस सारा टाकीतच राहून राहिला."

ज्या गाळाच्या मागे ते हात धुऊन लागले होते, तोच तिचं खत होता.

"मंग सांगितलं काहून नाही?" मधुकररावांनी विचारलं.

"जवायाले कसं सांगू? अन् सांगून काय? तारा गेली तवापासून तुमीबी तसेच झाले. वरून साफ. अंदर काही उगवूनच नाही राहिलं."

टाकीतला वाळलेला गाळ खताला घेऊन जा, असं त्यांना म्हणायचं होतं.

"तारा गेली, रंभाबाई," एवढंच तोंडून निघालं, आणि इतक्या महिन्यांनी त्यांना पहिला हुंदका आला.

रंभाबाई वाडीचं बोलणं सोडून त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.